सिटी १.५ व्हीटेकसाठी घरी कोल्ड एअर इनटेक: पाईप किती मिमीचा घ्यावा, फिल्टर कुठे बसवावा?

व्हीटेक_एमएच१५

नमस्कार मंडळी. गाडी २००१ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, १०६ पीएसवाली. फक्त पेट्रोल, गॅस किट नाही. इंजिन आतून मूळ आहे आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं येतं. बाजारात जे मिळतं ते म्हणजे बॉनेटखाली एक कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर आणि चकचकीत पाईप. ते नको, म्हणून बाहेरची थंड हवा ओढणारा इनटेक घरीच करायचा ठरवला आहे.

आराखडा असा: मूळ एअर बॉक्स (फिल्टरचा डबा) आणि रेझोनेटर (हवेचा आवाज दाबणारा पोकळ डबा) काढायचा, थ्रॉटल बॉडीपासून ७६ मिमीचा (तीन इंची) पाईप खाली बंपरच्या कोपऱ्यात उतरवायचा आणि टोकाला कोन फिल्टर. पाईप एकतर शेतीच्या दुकानातला पीव्हीसी, नाहीतर अॅल्युमिनियमचे बेंड आणून नाशिकच्या अंबडला आर्गन वेल्डिंग.

विचारायचं आहे ते: ७६ मिमी बरोबर आहे की ६३ पुरेल? पीव्हीसी टिकेल का? ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली वाफ काढणारा) पाईप कुठे जोडू? आणि ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) काही करावं लागेल का?

---

दट्ट्या

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, तो सोपा आहे. ही गाडी हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला दाब (मॅप सेन्सर), हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून ईसीयू पेट्रोल ठरवतो. इनटेक मोकळा केला की मॅनिफोल्डमधला दाब थोडा वाढतो, तो त्याला दिसतो आणि पेट्रोलही त्या मानाने वाढतं. त्यामुळे नुसत्या इनटेकने गाडी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होणार नाही. एअर टेम्परेचर सेन्सर तुमच्या गाडीत मॅनिफोल्डवर आहे की रबर पाईपवर, एवढं आधी बघा. पाईपवर असेल तर नव्या पाईपलाही त्याची जागा करावी लागेल.

आता पाईप. दीड लिटरचं इंजिन दर फेऱ्याला पाऊण लिटर ओढतं. ७००० आरपीएमला ५२५० लिटर प्रति मिनिट. सिलिंडर ९० टक्के भरतात असं धरलं तर साधारण ७९ लिटर प्रति सेकंद. ६३ मिमी बाहेरच्या व्यासाचा, दीड मिमी जाडीचा पाईप आतून ६० मिमी असतो. त्यात हवेचा वेग येतो २८ मीटर प्रति सेकंद. ७६ मिमीच्या पाईपमध्ये येतो १९. २८ला घाबरायचं कारण नाही. या वेगाला ८० सेमी गुळगुळीत पाईप आणि दोन मोठ्या त्रिज्येचे बेंड मिळून पाण्याच्या ३ ते ४ सेमी एवढाच दाब खातात, म्हणजे हवेच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ७६ मिमी लावून त्यातले दोन-अडीच सेमी वाचतील आणि थ्रॉटलच्या तोंडाशी रिड्यूसर घालून त्यातले थोडे परत जातील. शिवाय बॉनेटखाली ती जाडी फिरवायला जागा शोधत बसाल. ६३ मिमी घ्या.

जिथे दाब खरा जातो ती ठिकाणं वेगळी आहेत: पाईपचं सपाट कापलेलं तोंड, नळकामातला काटकोनी एल्बो (असा एक एल्बो एकटाच ४ सेमीच्या आसपास खातो), जुनाट फिल्टर आणि कंपनीच्या बॉक्सचा अरुंद स्नॉर्कल (हवा आत घेणारी नळी). तुमच्या गाडीत यातलं कोण किती खातंय हे मोजल्याशिवाय एकही भाग कापू नका.

मोजायला पाण्याचा मॅनोमीटर पुरतो. ६ मिमीची पारदर्शक नळी तीन मीटर घ्या. मधला भाग यू आकारात फळीला बांधा, दोन्ही बाजू ६०-६० सेमी उभ्या, आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक केबिनमध्ये उघडं ठेवायचं. दुसरं आळीपाळीने तीन ठिकाणी जोडायचं: एअर बॉक्सच्या खालच्या अर्ध्यात (फिल्टरच्या आधी), वरच्या झाकणात (फिल्टरनंतर) आणि थ्रॉटलच्या तोंडाजवळ रबर पाईपमध्ये. ५ मिमीचं भोक पुरतं, नंतर रबर ग्रोमेटने बंद करा. भोक पाडताना बॉक्स गाडीबाहेर काढा, नाहीतर किसाचा पहिला घास थ्रॉटलला. नळीत स्पंजचा तुकडा अडकवला की पाणी नाचत नाही. उभ्या बाजू आखूड ठेवल्या तर फुल थ्रॉटलला पाणी इंजिनात ओढलं जाईल, म्हणून ६० सेमी म्हटलं. मोकळ्या सरळ रस्त्यावर दुसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, आणि नळी बघणारा माणूस चालवणाऱ्यापेक्षा वेगळा. पाण्याचा १० सेमी फरक म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल.

त्याच वेळी मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब बॉक्सच्या आत सोडा आणि दुसरा बंपरजवळ सावलीत. चालत्या गाडीत फरक किती आणि सिग्नलला किती, दोन्ही लिहून ठेवा.

तापमानाचा हिशोबही देतो, कारण त्याबद्दल फार फुगवून बोललं जातं. ६५ अंशांची हवा ४०वर आणली तर घनता ८ टक्के वाढते. पण पेट्रोल इंजिनाची ताकद हवामानानुसार जुळवून घ्यायच्या नेहमीच्या सूत्रांत तापमान वर्गमुळात धरतात, त्यामुळे हातात येतात ४ टक्के. तेही फक्त आधी खरोखर ६५ अंशांची हवा जात असेल तर. ‘रॅम एअर’ तर विसराच: ताशी १०० किमीला समोरून येणाऱ्या हवेचा दाब पाण्याच्या ४ सेमीएवढा असतो.

आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. हवेचा दाब इथे मुंबईपेक्षा ७ टक्क्यांच्या आसपास कमी. कसारा उतरून खाली गेलं की गाडी मोकळी पळते ती त्यामुळे. हे ७ टक्के कुठलाही पाईप परत देत नाही.

---

पत्राकाम_अंबड

वरचं सगळं मान्य. तरी बनवायचंच ठरलं तर कामाचं बोलू.

पीव्हीसीचा उपयोग साच्यासाठी करा. शेतीचा ६३ मिमीचा पाईप बाहेरून बरोबर ६३ असतो, त्यामुळे सगळी मापं त्याच्यावर बसवून बघता येतात. वाकण, लांबी, बॉनेटचं अंतर, बॅटरी, ब्रेक ऑइलची टाकी, हे सगळं जुळलं की मार्करने आडव्या खुणा करून तुकडे सुटे करा आणि ते नमुने घेऊन वेल्डरकडे जा. कागदावरचे कोन घेऊन गेलात तर दोनदा जावं लागेल.

कायमचा म्हणून बॉनेटखाली पीव्हीसी नको. ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पुढे, रेडिएटरच्या बाजूला आहे. गाडी बंद केल्यावर पंखाही थांबतो आणि तिथलं तापमान आणखी चढतं. पाईप क्लिपखाली दबतो, क्लिप सैल पडते आणि तिथून विनाफिल्टर हवा आत. सोल्युशनने चिकटवलेल्या जोडाच्या आतल्या बाजूला ओघळ सुकून राहतात, ते सुटले की सरळ व्हॉल्व्हकडे. रेडिएटरच्या पुढे, बंपरच्या थंड बाजूला पीव्हीसी चालतो, फक्त फिल्टरच्या आधी.

अॅल्युमिनियम घेताना ६३ मिमी बाहेरचा व्यास, जाडी १.६ ते २ मिमी. १.२चा पातळ माल स्वस्त मिळतो पण आर्गनवाल्याच्या हातात जळतो. बेंड मँड्रेलचेच (आत आधार घालून वाकवलेले) घ्या, मध्यत्रिज्या व्यासाच्या दीडपट म्हणजे ९५ मिमी. सायलेन्सरवाल्याकडच्या मशिनवर वाकवलेला पाईप वळणावर चपटा होतो आणि तिथे ६३चा ५० होऊन बसतो. वेल्डिंग एसीवर, ४०४३ची फिलर. आतली बाजू बोटाने चाचपा, टोचणारा मणी असेल तर गोल फाईलने काढा.

दोन्ही टोकांना दीड मिमी उंचीची कड हवी, नाहीतर सिलिकॉनचा जोड तेलकट झाला की घसरतो. बीड रोलर (कड उमटवायचं यंत्र) नसेल तर टोकापासून ५ मिमीवर वेल्डचा एक गोल मणी फिरवून फाईलने सारखा करा. काम तेवढंच होतं.

जोडांसाठी कापड घातलेला ४ मिमी जाडीचा सिलिकॉन होज, ७५ मिमी लांब, दोन्हीकडे किमान २५ मिमी चढलेला. थ्रॉटलकडे मात्र मधे फुगा असलेला हंप होज लावा. पिकअप मारला की इंजिन माउंटवर सेंटिमीटरभर सहज हलतं. पाईप दोन्हीकडून पक्का केलात तर भार थ्रॉटल बॉडीवर येईल किंवा ब्रॅकेटचं वेल्डिंग तडकेल. बॉडीला एकच ब्रॅकेट, त्यात ६ मिमी बोल्टचा रबर बॉबिन (धक्के शोषणारा रबरी तुकडा). आणि होज क्लिप छिद्रांच्या पट्टीची घेऊ नका, ती सिलिकॉन कापत आत जाते. आतून सपाट पट्टीची किंवा टी-बोल्टची घ्या.

ब्रीदर: टॅपेट कव्हरवरून येणाऱ्या होजच्या आतल्या व्यासाएवढी नळी पाईपवर वेल्ड करून घ्या. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधे, थ्रॉटलपासून १५ सेमी तरी लांब. ब्रीदरवर वेगळा छोटा कोन फिल्टर लावायची फॅशन आहे, ती नको. क्रँककेसचा धूर बॉनेटखाली सुटतो, टॅपेट कव्हर तेलकट होतं आणि केबिनमध्ये वास येतो.

वेल्डिंग-घिसाई झाल्यावर पाईप साबणाच्या पाण्याने ब्रश घालून धुवा, वाळवा आणि आतून पांढरा कपडा ओढून बघा. अॅल्युमिनियमचा किस डोळ्याला दिसत नाही.

---

शिटी_वाजते

रेझोनेटर फेकू नका हो. पाईपची लांबी आणि आवाज यांचाही हिशोब आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात हवेचे धक्के आरपीएम भागिले ३० एवढ्या हर्ट्झने येतात. ४०००ला १३३. पाव तरंगाच्या नियमाने त्याला साधारण ६६ सेमी लांबीचा पाईप साथ देतो, ३०००ला ८७ सेमी, ५०००ला ५३ सेमी. हे ढोबळ आहे, मॅनिफोल्डच्या पोटातली जागा धरली की आकडे सरकतात. पण दिशा बरोबर आहे: पाईप लांब तर मधला पिकअप, आखूड तर वरचा. अगदी आखूड पाईप आणि कोन लावून ‘खालचा पिकअप गेला’ अशी तक्रार येते ती यामुळेच.

रेझोनेटर काढला की ठराविक वेगाला केबिनमध्ये घूं घूं बसते. मुंबई हायवेवर तासभर ऐकून बघा.

---

घाटवळण

बंपरच्या कोपऱ्यातला फिल्टर नाशिकात? जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवणार असाल तर जरूर.

हिशोब साधा आहे. दीड लिटरचे चार भाग, एका सिलिंडरला ३७३ सीसी. कॉम्प्रेशन रेशो साडेनऊच्या आसपास धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ४४ सीसी. म्हणजे तीन मोठे चमचे पाणी. त्यापेक्षा जास्त आत गेलं की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बंपरच्या खालच्या कोपऱ्यातलं तोंड रस्त्यापासून जेमतेम वीत-दीड वीत उंच. समोरून ट्रक गेला की लाट त्याहून वर चढते. इगतपुरी-घोटीचा पाऊस सोडा, शहरातल्या अंडरपासमध्ये अर्ध्या तासाच्या सरीने तेवढं पाणी साठतं.

काही जण पाईपमध्ये बायपास व्हॉल्व्ह टाकतात: खालचं तोंड बुडालं की वरच्या फोमच्या कड्यातून हवा घेणारा. टर्बो नसलेल्या गाडीत चालतो. पण तो फिल्टरपेक्षा बराच वर बसवावा लागतो, म्हणजे बॉनेटखालच्या गरम भागात, आणि त्याचा फोम धुळीने भरला की वेळेवर उघडेल याची खात्री नाही. फिल्टरवर घालायचा पाणीरोधक मोजा शिंतोडे अडवतो, बुडाल्यावर त्याचा उपयोग शून्य.

माझं मत: हवा घेणारं तोंड हेडलाइटच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाऊ देऊ नका. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, मग फिरवा.

धुळीचंही तेच. थ्रॉटलच्या आधीची गळती या गाडीत आयडलवर कळतच नाही. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून आरपीएम बदलतो का बघायची युक्ती थ्रॉटलनंतरच्या गळतीसाठी आहे. इथे एकच खूण: पाचशे किलोमीटरनंतर पाईप उघडून फिल्टरच्या मागच्या भागात पांढरा कपडा फिरवायचा. राखाडी डाग आला तर कुठून तरी धूळ जाते आहे, आणि ती सिलिकाची धूळ पिस्टन रिंगांना घासून काढते. सुती फिल्टरला जास्त तेल पाजूनही हा डाग जात नाही. डाग बहुतेक वेळा फिल्टरच्या गळ्यातूनच येतो, क्लिप तिरकी बसलेली असते.

---

हायवे_१६०

ऑक्टेव्हिया १.८ टर्बोलाही हेच सगळं लागू का?

---

दट्ट्या

@हायवे_१६० नाही. तिथे हवा थेट मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे. तो ज्या नळकांड्यात बसतो त्याचा आतला व्यास बदलला की सगळं मोजमाप चुकतं. ते नळकांडं मूळच ठेवायचं, त्याच्या आधी सरळ तुकडा ठेवायचा, लगेच बेंड नको. सेन्सरनंतर कुठेही गळती असेल तर ती न मोजलेली हवा होते आणि गाडी लीन दाखवते. डायव्हर्टर व्हॉल्व्हची (टर्बोचा जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेची) परतीची नळी सेन्सरनंतरच जोडलेली राहिली पाहिजे. तेल लावलेला सुती फिल्टर असेल तर तेल अगदी हलकं लावा, जास्तीचं सेन्सरच्या तापलेल्या पापुद्र्यावर जाऊन बसतं. आणि टर्बोनंतर हवा थंड करणारा इंटरकूलर असल्यामुळे पाच-दहा अंशांचा फरक तिथे तेवढा जाणवतही नाही. वेगळा धागा काढा, इथे सिटीचं चाललंय.

---

व्हीटेक_एमएच१५

सगळ्यांचे आभार. मॅनोमीटर बनवून मोजलं. दुसरा गिअर, ६५०० आरपीएमच्या आसपास:

फिल्टरच्या आधी १७ सेमी
फिल्टरनंतर २३ सेमी
थ्रॉटलच्या तोंडाशी २५ सेमी

तापमान: बाहेर ३६ असताना बॉक्सच्या आत चालत्या गाडीत ४४, इथल्या द्वारका चौकाच्या सिग्नलला उभं राहून ६१.

स्नॉर्कलचा पुढचा तुकडा जागेवर नाही. बॉक्सचं तोंड रेडिएटरच्या मागच्या बाजूला उघडं आहे. याचा अर्थ काय घ्यायचा?

---

दट्ट्या

अर्थ असा की तुमच्या पंचवीसपैकी सतरा बॉक्सच्या तोंडाशीच जातात. फिल्टर ६, आणि ज्या पाईपवर तुम्ही सगळा खर्च करणार होतात तो रबर पाईप फक्त २. म्हणजे थ्रॉटल ते बॉक्स या टप्प्यात ७६ मिमी काय आणि आरशासारखा पॉलिश केलेला काय, वाचवायलाच काही नाही.

२५ सेमी म्हणजे अडीच किलोपास्कल. नाशिकच्या हवेच्या दाबाच्या मानाने २.६ टक्के. तोंड नीट केलं तर त्यातले १२ ते १४ सेमी परत मिळायला हरकत नाही, म्हणजे दीड टक्क्याच्या आत-बाहेर. तापमान ४४चं ३८वर आलं तर आणखी एक टक्का. दोन्ही मिळून अडीच, म्हणजे वरच्या आरपीएमला अडीच हॉर्सपॉवर. पूर्ण नवा इनटेक करूनही यापेक्षा फार जास्त येणार नाही.

६१चा आकडा बघून घाबरू नका. आयडलवर हवा पाईपमधून सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकते, तिला तापायला पाऊण सेकंद मिळतो. फुल थ्रॉटलला तीच हवा ०.०३ सेकंदात पार होते. सिग्नल सुटल्यावर पहिले काही सेकंद गाडी जड वाटते ती तापलेल्या पाईपमुळे आणि बॉक्समुळे, मग ती निवते. अॅल्युमिनियम की प्लॅस्टिक या वादाचा जीव तेवढाच आहे, आणि त्यात मूळ प्लॅस्टिक बॉक्सच उजवा ठरतो.

तेव्हा बॉक्स, फिल्टर, रेझोनेटर, रबर पाईप सगळं राहू द्या. फक्त बॉक्सच्या तोंडापासून रेडिएटरच्या पुढच्या बाजूपर्यंत मोठी नळी न्या. आवाज हवा असेल तर मात्र हे उत्तर तुमच्या कामाचं नाही, मग कोन आणि पाईपच करा, पण ताकदीच्या नावाखाली नको.

---

व्हीटेक_एमएच१५

आवाज नकोच आहे. मग बॉक्स तोच ठेवून पुढची नळी करतो. किती मिमीची आणि कशाची? तोंड कुठे काढू?

---

पत्राकाम_अंबड

८० मिमीची. क्षेत्रफळ ५० चौरस सेमी येतं. ६० मिमी पाईपचं २८ असतं, पण पुढे किडे-कचऱ्यासाठी जाळी लागणार आणि जाळी तिसरा हिस्सा तरी अडवते, म्हणून ही सूट. जाळी ५-६ मिमी भोकांची, बारीक मच्छरजाळी लावली तर पावसात पाण्याचा पडदा धरून गुदमरते.

नळी तारेच्या सांगाड्यावर कापड-रबर असलेली घ्या, ब्रेकला हवा देणारी जशी मिळते तशी. चिमणीला लावतात ती अॅल्युमिनियम फॉइलची नको: आतून घड्या असतात, दाब खातात आणि थरथरून फाटते. वाकण एकच ठेवा.

तोंड रेडिएटरच्या वरच्या पट्टीवरून पुढे, ग्रिलच्या मागे, हेडलाइटच्या खालच्या कडेच्या वर. घाटवळण यांचा मुद्दा तिथे सुटतो. नळीचं तोंड सपाट कापून सोडू नका, कडा बाहेरच्या बाजूला १० ते १५ मिमी त्रिज्येने गोल वळलेली हवी. ८० मिमीच्या पाईपवर पत्र्याची रिंग वळवून वेल्ड करता येते, किंवा फायबरमध्ये ओतून घ्या. सपाट तोंड आणि गोल तोंड यात मॅनोमीटरवर फरक दिसेल, बघाच.

रेडिएटरच्या बाजूला आणि तोंडाभोवती १.६ मिमी पत्र्याचा आडोसा करा. वरच्या कडेला दाराला लावतात तसं पोकळ बीडिंग रबर, बॉनेट बंद केल्यावर दबेल असं. पत्रा आणि बॉनेट यात १२ ते १५ मिमी अंतर ठेवा. अंतर बघायला कडेवर ठिकठिकाणी कणकेचे गोळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, बॉनेट हळूच बंद करून उघडा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. बॉनेटच्या आतल्या पट्ट्या जिथे खाली येतात तिथे नेमकं कमी भरतं.

नळी बॉक्सला जाते तिथे सर्वांत खालच्या बिंदूला ८ मिमीचं भोक पाण्यासाठी. फिल्टरच्या आधीच्या बाजूला आहे, धुळीची चिंता नाही.

---

कागदपत्र_बघा

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही. मूळ बॉक्स ठेवून पुढची नळी बदलल्याने आरसीतली कुठलीच नोंद बदलत नाही, पण पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण तपासणीशिवाय होत नाही आणि बॉनेट उघडलं जातं. बॉबिन, क्लिपा, ब्रीदर जागेवर दिसले पाहिजेत. काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका, या गाडीचे सुटे प्लॅस्टिक भाग आता शोधत फिरावे लागतात.

---

व्हीटेक_एमएच१५

झालं, नळी बसवली. ८० मिमी, गोल तोंड, आडोसा, बीडिंग. फिल्टर नवा कागदीच. त्याच गिअरला, त्याच आरपीएमला: फिल्टरच्या आधी ५, नंतर ९, थ्रॉटलशी ११. चालत्या गाडीत तापमान बाहेर ३५ असताना आत ३८.

एक अडचण. परवापासून चेक इंजिनचा दिवा लागतोय. सर्व्हिस कनेक्टर (कोड वाचायचा प्लग) जोडल्यावर दिवा एकदा लांब लुकलुकतो, थांबतो, परत एकदा लांब.

---

दट्ट्या

एक लांब म्हणजे १०. एअर टेम्परेचर सेन्सर. नळी बसवताना त्याचा प्लग ओढला गेला असेल किंवा वायर आडोशाच्या पत्र्यावर घासली असेल. प्लग काढून सेन्सरच्या दोन पिनांवर रोध मोजा. थंड इंजिनावर काही किलोओहम दिसला पाहिजे आणि केसांचा ड्रायर लांबून धरला की तो उतरत गेला पाहिजे. अनंत दाखवला तर सेन्सर गेला, नीट उतरला तर वायर बघा. पत्र्याच्या कडेवर, वायर जिथून जाते तिथे, रबरची कड लावलीत का?

---

व्हीटेक_एमएच१५

नव्हती लावली. वायरचं आवरण तिथेच कापलंय, आतली एक तार तुटलेली. सोल्डर करून स्लीव्ह घालतो आणि कडेला रबर. कोड पुसायला बॅटरी काढू का?

---

पत्राकाम_अंबड

बॅटरी कशाला काढता. ईसीयूच्या बॅकअपचा फ्यूज, बहुतेक होंडांत त्यावर ७.५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण झाकणामागचा तक्ता वाचूनच काढा. इग्निशन बंद ठेवून मिनिटभर बाहेर ठेवला की पुरे. आणि वायर पत्र्यावरून नेऊ नका, रबर लावलं तरी. मूळ लूमच्या (वायरच्या जुडग्याच्या) क्लिपमध्येच परत बसवा.